अंगणाची डावी कड

मी भित्री बाई आहे. पाल दिसली तर खोली सोडते, एस.टी.च्या ड्रायव्हरने ओव्हरटेक करायला घेतलं की डोळे मिटते, आणि घरात कुणाला साधी कणकण आली तरी माझ्या पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, हिच्यात देवाने रक्ताऐवजी भीतीच भरून पाठवलीय. म्हणू दे. पण एका गोष्टीची भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. माझ्या कानांची.

आणि खरं तर तीच वाटायला हवी होती, कारण कानांवरच माझं सगळं चालतं. जळगावात आमच्या घरी फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर, आणि तिथे बसून मी खान्देशी गाण्यांचे आवाज साफ करते. धुळ्याचे एक भाऊ गाण्यांचे व्हिडिओ बनवतात. त्यांनी केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं. ढोलकी गायकाच्या डोक्यावर बसलेली असली तर तिला खाली उतरवायची, मागे कुत्रं भुंकत असेल तर ते काढायचं, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण पुढे, कोण मागे ते नीट बसवायचं. हळदीची गाणी, लग्नाची गाणी, कधी कुणाच्या निवडणुकीचीसुद्धा. सात वर्षं झाली या कामाला.

या कामात हेडफोन म्हणजे सुताराचा रंधा. माझ्याकडे तीन आहेत आणि तिघांचे स्वभाव तीन. एक आहे बंद कपाचा, जाड गाद्यांचा. बाहेरचं काही आत येऊ देत नाही. ढोलकीचा धुमका त्यात असा पोटात लागतो की बाकीचे आवाज बिचारे कोपऱ्यात उभे राहतात. दुसरे कानात खुपसायचे, लहानसे. त्यांत गायकाने ओठ ओले केले तरी कळतं, पण सगळी मंडळी आपल्या डोक्यातच मुक्कामाला आल्यासारखी वाटतात, दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. आणि तिसरा जाळीचा. त्याच्या कपांना मागून जाळी आहे, कूलरची घरघर, सासूबाईंची हाक, सगळं आत येतं. धुमक्याच्या बाबतीत अगदीच मवाळ. पण डोळे मिटून ऐकलं तर समोर जागा उघडते. कोण जवळ, कोण लांब, कोण भिंतीला टेकून उभं आहे, सगळं दिसतं. हो, दिसतंच म्हणते मी.

या जागेला इंग्रजीत साउंडस्टेज म्हणतात. मी अंगण म्हणते. कुठलाही नवा हेडफोन हातात आला की मी पहिल्यांदा बघते, याला अंगण किती. काहींना नुसती पडवी असते. काहींना तर जिना उतरलं की थेट रस्ता. नवरा त्याचे ते बिनवायरचे खुळखुळे कानात घालून फिरतो, त्यांना मी ‘बाथरूम’ म्हणते, आणि तो मला म्हणतो, “झालं का अंगण झाडून? मग चहा टाक.”

अंगण मोजायचं माझं माप एकच. माझ्या मायचं गाणं.

माझं माहेर सोनगीरजवळचं, धुळे जिल्ह्यातलं. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, रविवारी भाऊबंदांचं जेवण असतं, नैवेद्याचे जाड रोट असतात, आणि सोमवारी सकाळी बाया तिला चौरंगावर घेऊन नदीवर निघतात. निघायच्या आधी अंगणात एका रांगेत उभ्या राहून गाणं म्हणतात. काही वर्षांपूर्वी मी दोन माईक लावून ते गाणं धरलं होतं. सात बाया. माय अगदी डाव्या टोकाला, गोठ्याच्या दारापाशी. चांगल्या हेडफोनमध्ये आधी डावीकडून तिच्या बांगड्या वाजतात, मग तिचा आवाज उठतो, जरासा चिरका, जुन्या रहाटासारखा. तो जितका लांबून, जितका डावीकडून येईल तितकं त्या हेडफोनचं अंगण मोठं.

एकदा हौसेने मी जाळीचा हेडफोन मायच्या डोक्यावर चढवून तिला ते ऐकवलं होतं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “मी एकलीच गाई राहिनू का वं? बाकीन्या बठ्ठ्या कोठे गयात?” आम्ही सगळे खो खो हसलो. माझा भाऊ म्हणाला, “माय, तुले फक्त तूच ऐकू येस!” तीही हसली. हेडफोन काढून तिने भाकरी थापायला घेतल्या.

तर हे झालं आधीचं. यंदाच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, धुळ्याच्या भाऊंनी एक खोकं पाठवलं. त्यात दोन नवे हेडफोन. “ताई, तुम्ही ऐका आणि सांगा कुठला ठेवू. दुसरा परत करून टाकतो.” असलं काम म्हणजे मला लग्नघरचं आमंत्रण. नवरा रावेरला केळीच्या पॅकिंगवर जातो, तो सकाळी सहालाच बाहेर पडलेला. सासूबाई पोथी वाचत होत्या. मी पदर खोचून बसले, पहिला हेडफोन घातला, मायचं गाणं लावलं.

माय नव्हती.

सहा बाया होत्या. सगळ्या उजवीकडे गर्दी करून, एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी ठेवून गात असल्यासारख्या. डावीकडे काहीच नाही. गोठ्याचं दार नाही, बांगड्या नाहीत. अंगणाची डावी बाजू कुणी कापून नेल्यासारखी.

“घ्या! एवढा मोठा डबा आणि आत एकच बाजू चालू,” मी म्हणाले आणि दुसरा घातला. दुसऱ्यातही तेच. मग मात्र मी चिडले. भाऊंना कुणीतरी गंडवलं, दोन्ही माल खराब, असं मनाशी ठरवून टाकलं. माझा जाळीचा काढला. तेच. बंद कपाचा घातला. तेच. वायर बदलली. कॉम्प्युटरमधली डावी-उजवी पट्टी तपासली, ती बरोबर मध्यावर होती. गाणं मोबाइलवर लावलं. तेच. पाच वस्तू एकाच दिवशी, एकाच बाजूने बिघडल्या, असं मी स्वतःला पटवायला बघत होते. एवढी शहाणी बाई मी.

खरं सांगायचं तर त्याच घटकेला मला कळलं होतं. हेडफोनचा दोष की कानाचा, हे बघायला एक साधी गोष्ट करायची असते, या धंद्यातल्या कुणालाही विचारा. हेडफोन उलटा घालायचा. डावा कप उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. मुकी बाजू बदलली तर हेडफोन खराब. मुकी बाजू तिथेच राहिली तर…

दोन सेकंदांचं काम. माझे हात हेडफोनपर्यंत गेले आणि परत आले. मी उठले आणि वरणाला फोडणी घातली.

बुधवारी सकाळी सासूबाईंना एवढंच सांगितलं की डावा कान बसल्यासारखा वाटतो. “कूलरचा वारा,” त्या लगेच म्हणाल्या. “थेट कानावर घेऊन झोपतेस, मग काय होणार?” लसणाच्या पाकळ्या तेलात कडकवून, ते तेल कोमट करून त्यांनी माझ्या कानात सोडलं आणि वर कापसाचा बोळा. मग हात जोडून म्हणाल्या, “कानबाईला बोलून टाक. कानाचं दुखणं तिच्याशिवाय कोण बघणार?”

आता कानबाईचं आणि कानाचं काही नातं नाही हे मला ठाऊक आहे. कुणी तिला कान्ह्याची म्हणतात, कुणी आणखी काही. नावात ‘कान’ आला म्हणून ती कानाची डॉक्टर होत नाही. एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी मी गपचूप हात जोडले आणि म्हणाले, बाई, एवढं बरं कर, श्रावणात तुझा जास्तीचा रोट करीन. भ्यालेल्या माणसाला कुठलाही दोर चालतो.

वरून मला फायदाच झाला. आता दोष तेलावर टाकता येत होता. तेल आहे ना कानात, मग कसं ऐकू येईल? दोन दिवसांत सुटेल.

दुपारी लाइट गेली. मे महिन्यात जळगावात लाइट गेली की पहिल्यांदा कूलर थांबतो, मग पंखा, मग सगळं घर एकदम गप्प होतं. त्या दिवशी घर गप्प झालं, पण माझ्या डाव्या बाजूला एक बारीक कुईंऽऽऽ चालूच राहिलं. सकाळपासून मी त्याला कूलरचा आवाज समजत होते. मी फ्रिजला हात लावून बघितला, बंद. कॉम्प्युटर बंद. खिडकीबाहेर डोकावून बघितलं, गल्लीत चिटपाखरू नाही. मी डावा कान हाताने गच्च दाबला. आवाज आतच होता. कुणीतरी माझ्या डोक्यात पाण्याची मोटर चालू करून निघून गेलं होतं आणि बटण कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. अंगाला दरदरून घाम फुटला. उन्हाचा नव्हता तो.

तरी मी हेडफोन उलटा घातला नाही.

गुरुवारी भाजी आणायला बाहेर पडले. परतताना कोपऱ्यावर रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात हॉर्न. मला तो उजवीकडून आला. म्हणून मी डावीकडे उडी मारली, आणि बघते तर केळीचे घड लादलेला ट्रॅक्टर अगदी पुढ्यात. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की वरचे दोन घड रस्त्यावर पडले. माझी पिशवी पडली, टोमॅटो फुटले.

“ओ बाई! कान घर ठी उन्यात का?” तो वरून ओरडला.

कान घरी ठेवून आलात का. लोक हसले. मीही हसले, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते. घरी येऊन दार लावलं आणि माठापाशी बसून राहिले. मला कळलं होतं की आता आवाज कुठून येतो हे मला सांगता येत नाही. सगळं जग माझ्या उजवीकडे उभं होतं. धंदा तर गेलाच, कारण एका कानाने कोण डावं-उजवं बसवणार? पण धंद्याचं मला त्या क्षणी काही नव्हतं. उजवाही असाच एखाद्या मंगळवारी गेला तर? पोथीचा आवाज, कुकरची शिट्टी, नवऱ्याची ती टिंगल, काहीच नाही. हा विचार आला आणि मला खरोखर उलटी झाली.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मायचा फोन आला. भाऊने तिला व्हिडिओ कॉल शिकवलाय, त्यामुळे अर्धा वेळ तिचं कपाळ आणि अर्धा वेळ छताचा पत्रा दिसतो. नेहमीचं चाललं होतं, ऊन किती, कैऱ्या उतरवल्या का. तिचा आवाज मला बारीक वाटला म्हणून मी फोन तोंडासमोरून काढून कानाला लावला. परत समोर धरला तर माय पडद्याच्या अगदी जवळ येऊन माझ्याकडे बघत होती.

“फोन उजवा कानले काबर लायेल शे?” तिने विचारलं.

“सहज.”

“तू जलमभर डावा कानले लावस.”

“डावा जरा बसलाय माय. कूलरचा वारा.”

“कवयपशी?”

“मंगळवारपासून.”

“तेल टाकं का?”

“हो.”

“कानबाईले बोलनीस?”

मी हो म्हणाले. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मायने डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा असा मी एकदाच पाहिला होता, आजोबा गेले तेव्हा.

“ते डोकावर घालस ना तू, ते आन,” ती म्हणाली. “आन उलटं घाल. आत्ते. मी फोन ठेवत नही.”

हेडफोन उलटा घालायचा असतो हे तिला कुणी सांगितलं, असा प्रश्नही मला तेव्हा पडला नाही. तिच्या आवाजात असं काही होतं की मी शाळकरी पोरीसारखी उठले. जाळीचा हेडफोन उलटा घातला. गाणं लावलं.

उजव्या कानात बांगड्या वाजल्या. मग माय. एवढी स्वच्छ, एवढी जवळ, चिरक्या आवाजासकट माझी माय. आणि बाकी सहाजणी नाहीशा झाल्या होत्या. मुकी बाजू जिथे होती तिथेच होती, माझ्या डावीकडे. चार दिवस हरवलेली माय सापडली आणि त्याच सेकंदाला माझा कान गेला. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मोठ्याने रडले. सासूबाई पोथी टाकून धावत आल्या.

फोनमधून माय ओरडत होती. “रडू नको! पोरी, ऐक. आते तेल नको टाकू. कानबाईलेबी नको बोलू. डाक्टरकडे जाय. उद्या नही, आज!”

मी गेले. सासूबाई सोबत आल्या, रिक्षात सगळा वेळ माझा हात धरून बसल्या होत्या आणि लसणाचं नावही काढत नव्हत्या.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेच्या खिडकीची लहानशी पेटी असते, आत बसायचं आणि दार लावून घ्यायचं. तिथल्या मुलीने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. उजवा लाल, डावा निळा. भीतीने माझे दात वाजत होते, तरी सवय जाते का? मी मनात म्हणत होते, गाद्या कडक, पट्टा घट्ट, याला अंगण नाही, पडवी नाही, काहीच नाही. तिने हातात एक बटण दिलं. “आवाज आला की दाबा, ताई. अगदी बारीक आला तरी.”

उजवीकडे टूं, टूं आले. मी दाबत गेले. पास होत असलेल्या पोरासारखी छाती फुगली. मग ती म्हणाली, “आता डावा.” आणि सगळं थांबलं. मी वाट बघितली. नुसतं ते कुईं. मला वाटलं, आला. दाबलं. परत वाटलं, दाबलं. खिडकीतून ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने दार उघडून हळूच सांगितलं, “ताई, आवाज नसताना दाबू नका हो.”

आयुष्यात शेकडो वेळा हेडफोन घालून मी दुसऱ्यांचे दोष काढले. त्या पेटीतला तो बिनअंगणाचा हेडफोन एकटाच मला खरं सांगत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतली नस अचानक दगा देते, कारण नेहमी सापडतंच असं नाही. गोळ्या लगेच सुरू करू, वेळ पडली तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊ. पहिल्या दिवशी यायला हवं होतं. “पण लोक महिन्याने येतात, मळ आहे म्हणत. तुम्ही चौथ्या दिवशी आलात, हेही कमी नाही.” मी विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, बघू. त्या ‘बघू’मध्ये मी तीन आठवडे राहिले.

दुसऱ्याच दिवशी माय सोनगीरहून धुळे, धुळ्याहून जळगाव अशा दोन गाड्या बदलून आली. कैऱ्यांची पिशवी दारात ठेवून आधी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

रविवारी पहाटे मला लवकर जाग आली. माय शेजारच्या खाटेवर होती. उजाडत होतं. ती जागी झाली, पण डोळे उघडले नाहीत. तसेच मिटलेले ठेवून तिने हात डाव्या कानापाशी नेला आणि चुटकी वाजवली. एकदा, दोनदा. मग उजव्या कानापाशी नेऊन एक वाजवली. मग डोळे उघडले.

हे मी लहानपणापासून बघत आलेय. आम्ही सगळे समजायचो, तिला जांभई येते. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही तर आमच्याकडची रीतच. भाऊ तर तिची नक्कल करायचा. पण त्या पहाटे मी नीट बघितलं. जांभई नव्हती. तोंड मिटलेलं होतं.

“माय,” मी विचारलं, “चुटकी कशाची?”

ती वर पंख्याकडे बघत म्हणाली, “एक शे, तो शे का, ते पाहस.”

तिचा उजवा कान मी पहिलीत असताना गेला होता. असाच, एका सकाळी. आजीने तेल टाकलं. डॉक्टर धुळ्याला, आणि पेरणीचे दिवस. मग माय कानबाईला बोलली. “तिना नावमा कान शे म्हनीसन,” ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. “पाच साल वाढीव रोट कयात. कान काही उना नही. तिना आन कानना काय संबंध व? पन आम्हले कोन सांगी!” बहिरी म्हणतील म्हणून तिने कुणालाही सांगितलं नाही. माझ्या बापालाही नाही. हातावर हात मारून बायकांत हसायची, ओठांकडे बघून बोलणं जुळवायची, आणि रोज सकाळी डोळे उघडण्याआधी उरलेला कान आहे ना, हे तपासायची. तीस-बत्तीस वर्षं.

मग मला गोठ्याचं दार आठवलं.

“आणि रांगेत कडेला…”

“पहिले मी मझार उभी राहू,” ती म्हणाली. मधोमध. गाणं तीच उचलायची. पण कान गेल्यावर उजवीकडच्या बायका ऐकू येईनात, ताल चुकायला लागला. म्हणून ती रांगेच्या टोकाला गेली, सगळ्या बायका आपल्या चांगल्या कानाकडे येतील अशी. बायका म्हणाल्या, हिला माज आला. आणि माझा हेडफोन? त्या दिवशी आम्ही हसल्यावर तिने तो गुपचूप उलटा घालून बघितला होता, तेव्हा तिला बाकीच्या सहाजणी सापडल्या होत्या.

मी सात वर्षं सगळ्या हेडफोनांचं अंगण ज्या कडेवरून मोजलं, ती कड तिच्या बहिरेपणाने आखलेली होती. मी तिचा श्वास ऐकला, बांगड्या मोजल्या, आवाजातली चीर ऐकली. हेडफोन डोक्यावर घालून ती म्हणाली होती की बाकीच्या कुठे गेल्या, तेव्हा मी पोट धरून हसले होते. या कानांचा मला गर्व होता. शरम वाटली हो मला, एवढी की तिच्याकडे बघवेना.

तीन आठवड्यांनी माझा कान अर्धा परत आला. जाड आवाज आले, बारीक गेले ते गेलेच. ढोलकी येते, बांगड्या येत नाहीत. माय डावीकडून येते, पण गोठ्याचं दार लावून आतून गात असल्यासारखी. धुळ्याच्या भाऊंना मी सगळं सांगून टाकलं आणि म्हणाले, आता काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, “ताई, तुम्ही दीड कानाने ऐकता. आमचे गायक दोन्ही कानांनी ऐकत नाहीत, त्यांचं काय करू?” काम चालू आहे. डावी बाजू मी आता हेडफोन उलटा घालून बसवते.

भीती मात्र गेली नाही. आता मीही सकाळी डोळे उघडण्याआधी चुटकी वाजवते. नवरा विचारतो, जांभई का? मी त्याला खरं काय ते सांगते, लपवत नाही. आणि सहा वाजता माय फोन करते. साधा, बिनचित्राचा. ती तिच्या डाव्या कानाला लावते, मी माझ्या उजव्या. ती चुटकी वाजवते आणि विचारते, “शे?”, म्हणजे आहे का. मी म्हणते, “शे.” मग मी वाजवते आणि विचारते, “तुना?” ती म्हणते, “शे.” एवढं झालं की दोघी आपापल्या कामाला लागतो.

आज सकाळी तिने वाजवली. मी म्हणाले, शे. मग मी वाजवली आणि विचारलं.

ती गप्प.

परत वाजवली. फोनच्या अगदी जवळ नेऊन.

“जोरमा वाजाड ना पोरी,” माय म्हणाली. “लाइन खराब शे वाटस.”

लाइन स्वच्छ होती. तिच्या मागे गोठ्यात म्हैस शेपटी आपटत होती, तेही मला ऐकू येत होतं. मी बोटं दुखेपर्यंत वाजवली. ती म्हणाली, भाऊला सांगून फोन बदलून घेते, हा बिघडलाय.

भीती तीच, त्या मंगळवारची. पण पाय थांबले नाहीत. चपला शोधत, पिशवीत डॉक्टरांची फाइल कोंबत मी फोनमध्ये ओरडले, शेजारी जागे झाले असतील एवढ्या मोठ्याने.

“माय, तेल नको टाकू! कानबाईलेबी नको बोलू! मी निंघनू.”